उंच झाडात दोर चढवताना

जमिनीवर उभे राहून झाडाच्या पक्क्या बेचक्यावरून आधी बारीक दोरी पलीकडे टाकायची, तिच्या मागून थोडी जाड दोरी ओढून घ्यायची आणि शेवटी माणसाचा भार पेलणारा दोर वर चढवायचा, ही उंच झाडावर जाण्याची आज जगभर रूढ असलेली पद्धत आहे. खोडात खिळे किंवा खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत, पायाला लोखंडी काटे बांधून साल सोलवटावी लागत नाही, आणि पहिली फांदी २० मीटरवर असलेले सरळसोट झाडही आवाक्यात येते. कोस्टारिकाच्या जंगलात काम करणाऱ्या डोनाल्ड पेरी यांनी १९७८ साली ‘बायोट्रॉपिका’ या नियतकालिकात दोराने वृक्षशिखरांपर्यंत जाण्याची आपली पद्धत मांडली. त्यानंतर वनस्पतींचे आणि कीटकांचे अभ्यासक हळूहळू जंगलाच्या या वरच्या मजल्यावर वावरू लागले.

पेण आणि रोहा तालुक्यांत या कौशल्याची गरज अनेक कारणांनी पडते. घरावर किंवा गोठ्यावर आलेल्या आंब्याची फांदी पावसाळ्याआधी उतरवायची असते. बेहडा, हेद, किंजळ यांचे बी रोपवाटिकेसाठी झाडावरूनच गोळा करायचे असते. पक्षी आणि शेकरू यांच्या नोंदी घ्यायच्या असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाड्या आणि रस्त्याकडेची असंख्य झाडे पडली. पण जी उभी राहिली त्यांच्यातल्या मोडून लटकलेल्या फांद्यांचा प्रश्न नंतर बराच काळ उरला. अशा ठिकाणी क्रेन पोहोचतेच असे नाही. वाडीतली पायवाट, शेताचा बांध, दोन घरांमधली बोळकांडी, देवराईतला चढ या जागा दोरानेच गाठाव्या लागतात.

पेण–रोह्यात प्रस्तरारोहण करणारी, धबधब्यावरून दोराने उतरणारी मुले पुष्कळ आहेत. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅरॅबिनर, जुमार ही सामग्री त्यांच्या हातातली असते. झाडावर मात्र एक मोठा फरक पडतो. कातळात मेख मारताना खडक हाताने तपासता येतो; झाडावरचा आधार २० मीटर वर असतो आणि त्याची परीक्षा जमिनीवरूनच करावी लागते. म्हणून या कामात फेकीपेक्षा निवडीला महत्त्व जास्त. दोरी कितीही उंच गेली, तरी ती चुकीच्या बेचक्यावर पडली असेल तर ती वर गेलीच नाही असे मानून पुन्हा टाकावी.

झाड आधी पाहावे

पहिली नजर मुळांवर टाकावी. वादळात हललेल्या झाडाच्या एका बाजूची माती उचलली जाते, बुंध्याजवळ भेग पडते, आणि झाड पुढे कित्येक वर्षे तसेच कलते उभे राहते. बुंध्यावर किंवा मुळांवर अळंबीचे कडक पंखे आले असतील तर आतले लाकूड कुजते आहे असे धरावे. लाकडी हातोड्याने खोड चहूबाजूंनी ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि घट्ट येतो, पोकळ जागेचा घुमतो. जुन्या आंब्याला आणि बेहड्याला पोकळी असणे नेहमीचेच. थोडी पोकळी म्हणजे झाड मेले असे नाही, पण ती नेमक्या त्या फांदीच्या मुळाशी असेल जिच्यावर दोर टाकायचा आहे, तर ती फांदी सोडून द्यावी.

मग झाडाची जात. चिंचेचे लाकूड चिवट, त्यामुळे मध्यम जाडीची फांदीही भार घेते. ऐन आणि किंजळ भरवशाचे. काटेसावर दिसायला भव्य आणि सरळ, फांद्या कड्यासारख्या आडव्या निघालेल्या, दोर टाकायला मोह पाडणाऱ्या. पण तिचे लाकूड अतिशय हलके आणि मऊ असते, खोडावरचे काटे दोराचे आवरण फाडतात. पांगारा, सातवीण, शेवगा हेही मऊ लाकडाचे. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांच्या लांबलचक आडव्या फांद्या वरून धडधाकट दिसत असतानाही मोडतात. अशा झाडांवर खोडाला चिकटूनच आधार घ्यावा आणि नेहमीपेक्षा जाड बेचके शोधावे. वडाच्या व सातविणीच्या चिकाने दोर चिकट होतो, ही आणखी एक अडचण.

दुर्बीण या कामातले सर्वांत स्वस्त सुरक्षासाधन आहे. झाडाभोवती पूर्ण फेरी मारून चारही बाजूंनी वर पाहावे. वाळकी फांदी, जुना कट, साल सुटलेली जागा, लोंबकळणारी मोडकी फांदी आणि पोळे या पाच गोष्टी नेमक्या शोधायच्या. यातील शेवटची सर्वांत महत्त्वाची.

आग्या मोहोळ उंच झाडाच्या जाड आडव्या फांदीखाली उघडे लटकते, आणि या मधमाश्या वर्षानुवर्षे त्याच झाडावर परत येतात. फांदीला बसलेला हादराही त्यांना चेतवायला पुरतो. फेकायच्या दोरीला वजन म्हणून बांधलेली शिशाची पिशवी पोळ्याजवळ आदळली, तर चढणाऱ्यासह खालचे सगळे आणि शेजारून जाणारा वाटसरूही धोक्यात येतो. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम होणार नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. पोळे उठून जाईपर्यंत थांबावे. रात्री जाळून माश्या हुसकावणे हा उपाय नव्हे. कोणत्या झाडाला दरवर्षी पोळी लागतात हे जवळच्या कातकरी किंवा ठाकूर वाडीतल्या जाणत्या माणसाला अचूक ठाऊक असते. पानांच्या गर्दीत दुर्बिणीला न दिसणारे पोळेही त्याला माहीत असते, तेव्हा आदल्या दिवशी तिथे जाऊन विचारावे. पाने चिकटवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या जीवघेण्या नसतात, पण दोन्ही हात गुंतलेले असताना त्या अंगावर चढल्या तर हाताची पकड सुटू शकते.

झाडाजवळून वीजवाहिनी जात असेल तर दोरी फेकण्याचा विचारच करू नये. ओली किंवा धूळ बसलेली दोरी वीज वाहते, आणि फेकलेली पिशवी कुठे जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दोरीची पूर्ण लांबी सुटली तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर हवे. तसे ते नसेल तर महावितरणला लेखी कळवून, वाहिनी बंद करून घेऊन आणि त्यांचा माणूस जागेवर उभा असतानाच काम करावे.

बेचके कसे असावे

आधाराची फांदी जिवंत हवी, खोडाला जिथे जुळते तिथे किमान १० सेंटिमीटर जाड हवी, आणि दोर खोडाच्या अगदी लगत बसायला हवा. खोडापासून दीड-दोन हात बाहेर पडलेला दोर फांदीला तरफेसारखा वाकवतो. बेचक्याचा आकारही पाहावा. अरुंद, टोकदार बेचक्यात दोर खाली उतरताना अडकतो. शिवाय अशा सांध्यात दोन्ही फांद्यांच्या मध्ये साल दबलेली असते आणि सांधा मुळातच कच्चा असतो. रुंद, गोलसर तळाचे बेचके उत्तम. शक्य असेल तर दोर खाली असलेल्या आणखी एका जाड फांदीवरूनही जाईल असा पाहावा, म्हणजे वरचे बेचके तुटले तरी खालची फांदी पडणे अडवते.

बेचक्याची उंची मोजायला यंत्र लागत नाही. हात सरळ पुढे धरून डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर भरते, तेवढी काठी मुठीच्या वर उभी राहील अशी धरावी. मूठ बुंध्याच्या रेषेत आणि काठीचे टोक बेचक्याच्या रेषेत येईपर्यंत मागे जावे. जमीन सपाट असेल तर तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे बेचक्याची उंची, त्यात डोळ्याच्या उंचीचा थोडा फरक धरावा. ही उंची कळली की कोणते साधन वापरायचे आणि दोर किती लांब लागेल, दोन्ही ठरते.

वेळही नेमकी धरावी. धरमतर आणि कुंडलिकेच्या खाडीतून येणारे खारे वारे दुपारी पेण–रोह्यापर्यंत पोहोचतात, आणि दोन मिलिमीटरची दोरी त्या वाऱ्याने सहज बाजूला जाते. फेक सकाळी उरकावी. पानगळीची झाडे माघ-फाल्गुनात उघडी असतात, तेव्हा बेहड्याची किंवा सावरीची प्रत्येक फांदी स्वच्छ दिसते. आंब्याला मात्र बारा महिने पाने, तिथे दुर्बिणीने धीराने पाहण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात सालीवर शेवाळ आणि नेचे येतात, दोर जड होतो, वीज पडण्याची भीती असते. जून ते सप्टेंबर हे काम बंद ठेवावे.

बारीक दोरी आणि शिशाची पिशवी

फेकायची दोरी १.८ ते २.२ मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, न ताणणारी आणि उठून दिसणाऱ्या रंगाची असावी. लांबी ५० ते ६० मीटर. बाजारातली सुतळी किंवा नायलॉनची पिळाची दोरी खरखरीत असते, सालीत अडकते आणि सोडली की वेटोळी होते. वजनासाठी शिशाचे छर्रे भरलेली चामड्याची किंवा जाड कापडाची निमुळती पिशवी वापरतात, साधारण २८० ते ४५० ग्रॅमची. हलकी पिशवी उंच जाते पण घर्षणामुळे वरून खाली उतरत नाही. जड पिशवी उतरते पण फेकायला ताकद लागते. ३४० ग्रॅमची पिशवी बहुतेक कामांना चालते. मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशे पेण–रोह्याच्या बाजारात मिळतात, त्यांनी अशी पिशवी भरता येते. दगड, नट-बोल्ट किंवा पाण्याची बाटली कधीही बांधू नये. दगड बेचक्यात अडकतो, निसटला तर डोके फोडतो.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करणाऱ्यांकडे फेकायच्या दोराची पिशवी असते. तिचा या कामाशी संबंध नाही. तो दोर पाण्यावर तरंगण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचा केलेला असतो. तो चढाईचा भार घेण्यासाठी नाही आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळतो.

दोरी गुंडाळून हातात धरली की फेकताना गाठी पडतात. ती रुंद प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा घमेल्यात नुसती सैल सोडत भरावी, आधी मागचे टोक, मग उरलेली दोरी, सर्वांत वर पिशवीकडचे टोक. मागचे टोक क्रेटच्या कानाला बांधून ठेवावे. ते वर निघून गेले तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून.

हाताने फेकताना पिशवीपासून हातभर वर दोरी धरून ती पायाशेजारी घड्याळाच्या लंबकासारखी मागेपुढे झुलवावी आणि पुढच्या झोक्यात, हात वर जात असताना सोडावी. सोडण्याचा क्षण लवकर आला तर पिशवी आडवी जाते, उशिरा आला तर डोक्यावरून मागे. दुसरी रीत दोन हातांची: दोरी पिशवीच्या कडीतून दुमडून घेऊन पिशवी दोन्ही हातांत गुडघ्यांमध्ये झुलवतात आणि सरळ वर सोडतात. हिने उंची जास्त मिळते आणि दिशाही चुकत नाही. सराव झालेल्या माणसाची फेक १५ मीटरपर्यंत नेमकी जाते, काहींची २० पर्यंत. पिशवी बेचक्याच्या थोडीच वरून जावी एवढाच जोर लावावा. जितकी वर उडते तितक्या जास्त डहाळ्यांवर दोरी पसरते आणि नंतर तेवढा वेळ सोडवण्यात जातो.

शेतातल्या गोफणीने पिशवी फेकण्याची कल्पना कोकणात सहज सुचते. ती वापरू नये. गोफण डोक्याभोवती फिरते, सुटण्याच्या क्षणात जरासा फरक पडला की पिशवी बाजूला उभ्या माणसाकडे जाते, आणि मागून येणारी दोरी फिरणाऱ्या हाताला गुरफटते. २० मीटरच्या वर जायचे तर मोठी गलोल हे योग्य साधन आहे. साधारण अडीच मीटरच्या दांड्यावर धातूचे बेचके, त्याला जाड रबरी नळी आणि पिशवी धरायचा खोळ. दांड्याचे टोक जमिनीत रोवून, एकाने तो सरळ उभा धरून, खोळ खाली ओढायचा आणि सोडायचा. दोरीचे क्रेट गलोलीच्या पुढे आणि थोडे बाजूला ठेवावे. मागे ठेवले तर दोरी रबरात अडकून पिशवी उलटी तोंडावर येते. दोघांनीही हेल्मेट आणि डोळ्यांना चष्मा लावलाच पाहिजे. या साधनाने ३० मीटरची बेचकी गाठता येतात, म्हणजे पेण–रोह्यातली जवळपास सगळी झाडे यात आली.

त्याहून उंच झाडांसाठी धनुष्य किंवा आडधनुष्य वापरतात. बोथट बाणाला तंगूस बांधून तो बेचक्यावरून सोडतात, तंगुसाने बारीक दोरी ओढतात आणि बारीक दोरीने पुढची. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांवर काम करणारे अभ्यासक याच रीतीने दोर चढवतात; तिथला ‘हायपेरियन’ हा २००६ साली सापडलेला वृक्ष ११५ मीटरपेक्षा उंच आहे. इथल्या वस्तीजवळच्या झाडांवर बाणाची गरज पडत नाही आणि तो सोडूही नये. चुकलेला बाण कुठे पडेल हे सांगता येत नाही.

दोरी नेमक्या बेचक्यात आणणे

पिशवी पहिल्याच फेकीत हव्या त्या बेचक्यावर एकटी बसली असे क्वचित घडते. बहुधा ती पलीकडच्या दोन-तीन फांद्या ओलांडून लोंबकळते. या टप्प्यावर घाई करणारे लोक दोरी गमावतात, आणि जे सावकाश काम करतात त्यांना पुन्हा फेकावे लागत नाही.

समजा, दोरी हव्या त्या बेचक्यावरून गेली आणि पलीकडच्या एका पातळ फांदीवरूनही गेली. पिशवी जमिनीपर्यंत उतरू देऊ नये. मागचे टोक हळूहळू ओढून पिशवी वर न्यावी, ती पलीकडच्या फांदीला लागली की अगदी हलक्या झटक्याने तिच्यावरून अलीकडे टाकावी. आता ती दोन फांद्यांच्या मध्ये लोंबते. मग दोरी सोडत जावी, पिशवी स्वतःच्या वजनाने खाली येते. खाली येता येता अडली तर दोरी ओढून सोडून, ओढून सोडून तिला उचकी दिल्यासारखी हालवावी. घर्षण मोडते आणि ती पुन्हा उतरू लागते.

उलट अडचण अशी, की हव्या बेचक्याच्या अलीकडे, फेकणाऱ्याच्या बाजूला एक नको असलेली फांदी दोरीखाली आली आहे. तेव्हा पिशवी पूर्ण खाली आणून सोडवावी आणि दोरीच्या मागच्या टोकाला बांधावी. पलीकडे जाऊन दोरी ओढली की पिशवी अलीकडच्या बाजूने वर चढते, नको असलेली फांदी ओलांडून ती आणि बेचके यांच्या मध्ये पडते, आणि तिथून खाली सोडता येते. या दोन हालचाली हातात बसल्या की कोणतीही दोरी कोणत्याही बेचक्यात आणता येते. एखादी फांदी बाजूला असेल तर पिशवीला हलका झोका देऊन, ती हव्या बाजूला झुकली की दोरी सोडावी.

पिशवी अडकलीच, तर दोरी हाताला गुंडाळून जोराने ओढणे ही सर्वांत धोकादायक चूक. ताणलेली दोरी सुटली की ३०० ग्रॅम शिसे थेट ओढणाऱ्याच्या तोंडाकडे येते. दोरी सैल सोडून झटके द्यावेत, मग झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उलट दिशेने ओढून पाहावे, पिशवी सोडवता येण्याजोगी असेल तर टोक मोकळे करून दोरी काढून घ्यावी. यातले काहीच जमले नाही तर दोरी कापावी.

चढाईचा दोर वर नेणे

२ मिलिमीटरच्या दोरीला थेट ११ मिलिमीटरचा दोर बांधला तर सांध्याचा उंचवटा बेचक्यात अडतो आणि बारीक दोरी तुटते. २५ मीटरपेक्षा उंच झाडावर मध्ये ४ ते ५ मिलिमीटरची दोरी घ्यावी. सांधा निमुळता हवा. बारीक दोरी जाड दोराच्या टोकाला क्लोव्ह हिचने बांधून, तिथून पुढे टोकापर्यंत वीतभर अंतरात चार-पाच साधे वेढे घ्यावेत आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. म्हणजे टोक सुईसारखे पुढे जाते. कॅरॅबिनर सांध्यात लावू नये. बेचक्याची साल आणि दोर दोन्ही वाचावेत म्हणून दोराबरोबर जाड कॅनव्हासची नळी वर चढवणे चांगले. साल नरम असलेल्या झाडांवर ती लावावीच.

चढाईचा दोर गाभा आणि आवरण असलेला, कमी ताणणारा, १०.५ ते १३ मिलिमीटरचा आणि २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो भार सहन करणारा असावा. काथ्याचा, होडीचा किंवा हार्डवेअरच्या दुकानातला दोर कितीही जाड असला तरी माणसाच्या जिवासाठी नाही.

लांबीचा हिशेब आधीच करावा. दोर बुंध्याला बांधून, बेचक्यावरून नेऊन दुसऱ्या बाजूने चढायचे असेल तर उंचीच्या दुप्पट दोर लागतो. पण वर माणूस बेशुद्ध पडला किंवा जखमी झाला तर त्याला खालूनच उतरवता यावे म्हणून बुंध्याशी सोडता येणारी बांधणी ठेवतात, आणि त्यासाठी आणखी एक उंची एवढा दोर मागे हवा. म्हणजे २५ मीटरच्या बेचक्यासाठी ७५ मीटर. हा जादा दोर वाचवण्याचा मोह होतो, वाचवू नये. बुंध्याशी साधी गाठ न मारता फिगर ऑफ एटसारखा डिसेंडर लावून तो पक्का बंद करून ठेवावा आणि त्याच्याजवळ एक माणूस कायम उभा ठेवावा.

भार किती येतो

बुंध्याला बांधलेल्या एकेरी दोरावर ८० किलोचा माणूस लटकला की बेचक्यावर ८० किलोच भार येतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर दोन्ही बाजूंच्या दोराचा ताण बेचक्यावर खाली पडतो. सालीचे घर्षण काही भाग खाते, तरी बेचक्याला जवळपास १६० किलो धरूनच चालावे. चढताना बसणारे झटके त्याहून वेगळे. दोर वरच्या फांदीलाच फासाने बांधला, तर भार एकेरी राहतो. पण मग खालून उतरवण्याची सोय जाते. कच्च्या लाकडाच्या झाडावर दुसरी रीत, इतरत्र पहिली, असा निवाडा योग्य ठरतो.

म्हणून कोणी चढण्याआधी दोराची परीक्षा घ्यावी. बुंध्याकडचे टोक पक्के बांधावे, चढायच्या बाजूला दोन किंवा तीन माणसांनी हळूहळू अंगाचा पूर्ण भार टाकावा आणि मग थोडे उसळून पाहावे. सर्वांनी हेल्मेट घालावे, नजर वर ठेवावी, फांदीच्या सरळ खाली कोणी उभे राहू नये. एकाने दुर्बिणीतून बेचक्याकडे पाहत राहावे. करकर आवाज, सालीची भेग, धुळीसारखा भुसा किंवा फांदीचे सावकाश खाली येणे, यातले काहीही दिसले तर दोर काढून दुसरे बेचके निवडावे. परीक्षेत पास झालेल्या दोरावरही पहिला चढणारा संघातला अनुभवी असावा, आणि वर पोहोचताच त्याने बेचके हाताने तपासून स्वतःला दुसऱ्या दोराने खोडाला बांधून घ्यावे. दोर, हार्नेस आणि सुटकेची कामे प्रशिक्षकाकडून जमिनीवर आणि कमी उंचीवर शिकल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाची प्रकृती थोड्याच मिनिटांत बिघडते, त्यामुळे त्याला उतरवायला वाट पाहायची नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची, तर झाडापर्यंतचा रस्ता आणि जवळचे ठिकाण सांगता येईल असे आधीच लिहून ठेवावे.

कुणाचे झाड, कुणाचे घर

मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. तिथे आणि कोणत्याही वनजमिनीवर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय झाडावर चढता येत नाही. पेण आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदांच्या हद्दीत फांद्या तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे. देवराईतल्या झाडाला हात लावण्याआधी गावाची संमती घ्यावी. ती कागदावर नसली तरी खरी असते, आणि गावकऱ्यांना झाडाचा इतिहासही ठाऊक असतो.

शेकरू आपली घरटी उंच फांद्यांच्या बेचक्यातच बांधते, एकाच प्राण्याची अनेक असतात, आणि रिकामे दिसणारे घरटे रिकामेच असेल असे नाही. धनेशाची मादी फेब्रुवारीनंतर पोकळ खोडात स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो. त्या दिवसांत असे झाड पूर्ण सोडावे. पोकळ झाड तसेही आधाराला योग्य नसते. जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी उंच झाडांवर होतात. त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातो, आणि तोच झाडावर चढण्याचा सोयीचा काळ आहे. अशा जागी सोय बाजूला ठेवून पक्ष्यांची वेळ पाळावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घरट्याला त्रास देणे हा गुन्हाही आहे.

माड आणि पोफळीला ही पद्धत लागू नाही. तिथे बेचकेच नसते, आणि झापांचे देठ वाळले की खोडापासून सुटतात. त्यांच्यावर दोरी फेकणे धोक्याचे आहे; माडासाठी शिडीचे यंत्र किंवा अनुभवी पाडेलीच योग्य.

दोर काढून घेणे

उतरल्यावर सांधा किंवा गाठ वर जाईल अशा रीतीने दोर ओढू नये. दोन्ही टोके मोकळी करून, ज्या टोकाला गाठ किंवा नळी नाही ते टोक वर जाईल अशा रीतीने ओढावा. शेवटचा तुकडा बेचक्यावरून सुटताना चाबकासारखा फटकारतो, तेव्हा ओढणाऱ्याने बुंध्यापासून दूर उभे राहावे. काम अनेक दिवस चालणार असेल तर चढाईचा दोर झाडात सोडू नये. ऊन त्याला कमकुवत करते आणि शेकरू व उंदीर कुरतडतात. त्या जागी बारीक दोरी दुहेरी ठेवून दोन्ही टोके मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी खोडाला बांधावीत, आणि पुढच्या खेपेला तिनेच दोर पुन्हा वर ओढावा. परीक्षा मात्र प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी. चीक लागलेला दोर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा, आणि गुंडाळण्याआधी पूर्ण लांबी बोटांमधून ओढून गाभ्यात मऊ, फुगीर किंवा चपटा भाग लागतो का हे पाहावे. तसा भाग लागला तर तो दोर चढाईतून बाद करून त्याचे तुकडे करावेत, म्हणजे चुकून कोणी पुन्हा वापरणार नाही.